नागिसाने टाकलेला रु

माझं आयुष्य कधी बदललं हे मला नेमकं सांगता येतं. याच खोलीत, याच पडद्यावर, 'मिनातो दे कोरोगेरु' हे गाण्याचं नाव उमटलं आणि रिमोट खाली ठेवून एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "रु. घ्या."

तर, आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या 'कामोमे' कराओकेचे मालक माननीय मित्सुओका साहेब. व्यासपीठावर, म्हणजे पडद्याखालच्या लाल सोफ्यावर, विराजमान झालेल्या आपल्या रविवार मंडळाच्या संस्थापिका आदरणीय फुमिए आजी. त्यांच्या शेजारी बसलेल्या उत्सवमूर्ती कुमारी उत्सुनोमिया नागिसा. बाजारपेठेतल्या सर्व दुकानदार बंधुभगिनींनो. आणि हा मुलगा आता काय दिवे लावणार म्हणून शेवटच्या रांगेत आधीच कपाळाला हात लावून बसलेले माझे वडील! आपणा सर्वांना इनुई तात्सुकिचा सविनय नमस्कार.

कोणीतरी या माइकचा घुमारा कमी करा हो. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतोय. माझं एकदा ऐकणंच लोकांना जड जातं.

मला ठाऊक आहे, तुम्ही सगळे बिअरचे पेले हातात धरून बसला आहात. भाषण झाल्याशिवाय पेला उचलायचा नाही, ही आपली रीत. फेस बसायच्या आत जो आटोपतो तो चांगला वक्ता, असं मित्सुओका साहेबांनी मला सकाळपासून तीनदा बजावलंय. साहेब, आपल्याबद्दल पूर्ण आदर बाळगून सांगतो, फेस बसणार आहे. पेले खाली ठेवा. हात अवघडतील.

मला भाषणाला उभं का केलं? मी काही शिकलेला माणूस नाही. मात्सुयामाचं इंजिनिअरिंग कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं. बाजारात म्हणतात, 'पोरीपायी सोडलं.' हे साफ खोटं आहे. मी कॉलेज 'रु'पायी सोडलं. हसू नका. आता तो प्रसंग सांगतोच.

त्या रविवारी मी सुट्टीला घरी आलो होतो. आमचं माशांच्या तळलेल्या वड्यांचं दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा बाबा म्हणाले, "चल, आमच्या मंडळात. गाण्यांच्या भेंड्या खेळतो आम्ही." मी म्हटलं, म्हातारी माणसं, चार जुनी गाणी, जाऊन येऊ. आत आलो तर आठजण गोल बसलेले, आणि एक भिडू कमी पडत होता म्हणून काउंटरवरची मुलगी, म्हणजे आपली नागिसाही येऊन बसलेली. खेळ सोपा वाटला. एकाच्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर, त्यावरून दुसऱ्याने गाणं निवडायचं आणि गायचं. ज्याने अक्षर टाकलं त्यानेच पुढच्यासाठी दहापासून उलटं मोजायचं. आणि 'न्'वर संपणारं गाणं निवडलं की साखळी मेली, कारण आपल्या जपानीत नुसत्या न्-ने एकही गाणं सुरू होत नाही. निवडणाऱ्यावर भेंडी! त्याला ते गाणं गायलाही मिळत नाही. माइक ठेवायचा, ट्रे उचलायचा आणि सगळ्यांसाठी पेयं आणायला जायचं.

एवढंच? असं मला वाटलं. आणि मग तिने 'मिनातो दे कोरोगेरु' गायलं. 'बंदरात घसरून पडते'. इतकं आनंदाने घसरून पडणारं माणूस मी कधी ऐकलं नव्हतं. गाणं संपलं. ती म्हणाली, "रु. घ्या." आणि लगेच, "दहा. नऊ. आठ..."

मला सांगा, रु-वर संपणारी गाणी किती? पावसात भिजणं, वाट बघणं, रडणं, विसरणं, आपल्या जपानीतली निम्मी क्रियापदं रु-वर संपतात. आणि रु-ने सुरू होणारी? मी डोकं खाजवलं. कान लाल झाले. "तीन. दोन..." मी म्हटलं, "हा काय खेळ आहे? ही अडवणूक आहे!"

ती शांतपणे म्हणाली, "एक."

मी उठलो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, माझं डोकं तव्यासारखं आहे, लगेच तापतं. मी बाहेर पडलो आणि मागे दार आपटलं. म्हणजे आपटायचा प्रयत्न केला. साहेब, तुमच्या या दारांना वरती तो हवेचा दांडा बसवलाय! कितीही जोर लावा, दार आपलं सुस्कारा टाकत, सावकाश, एखाद्या वाकून नमस्कार करणाऱ्या पाहुण्यासारखं बंद होतं. मी बाहेर रागाने थरथरत उभा, आतले सगळे काचेतून माझ्याकडे बघतायत, आणि दार अजून लागतंय! त्यात माझा फोन आत राहिलेला. परत आत जावं लागलं.

आत गेलो तर माझ्या जागेवर हिरवागार मेलन सोडा ठेवलेला. वेळेत गाणं सुचलं नाही म्हणून ट्रे मी उचलायचा होता, तिने उचलला होता. म्हणाली, "पुढच्या रविवारी रु घेऊन या."

बाबा ओरडले, "अरे, माफी माग! तो दरवाजा तुझ्या बापाचा आहे का?"

फुमिए आजी म्हणाल्या, "राहू दे इनुई. मुलगा तापट आहे, पण फोनसाठी का होईना, परत आला."

सोमवारी मी मात्सुयामाला गेलो. वर्गात सर तुळईवरचा भार शिकवत होते, मी एका कानात इअरफोन घालून रु-ने सुरू होणारी गाणी शोधत होतो. शुक्रवारपर्यंत एकच मिळालं. 'रुसुबान नो किंग्यो'. घर राखत बसलेल्या सोनमाशाचं गाणं. माझ्या आजोबांच्या तरुणपणचं. रविवारी गाडीने इथे आलो, ती पुन्हा रु-वर संपणारं काहीतरी गायली, आणि मी उभा राहून, वीस वर्षांचा घोडा, गळ्यातल्या शिरा ताणून सोनमासा गायलो. 'मालक गेले गावाला, मी आहे पाण्यात' या ओळीला मासळीवाले चक्क डोळे पुसत होते. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पण खरा धडा मला त्यानंतर मिळाला. मला वाटलं, आता रु-ची गाणी गोळा करायची, की झालो पक्का खेळाडू. पुढच्या वेळी मी कुठलंतरी परदेशी चालीचं, शब्द न समजणारं रु-चं गाणं काढलं आणि यंत्र चालवल्यासारखं म्हणून टाकलं. आजींनी गाणं मध्येच बंद केलं.

"अक्षर बरोबर आहे," मी म्हटलं.

"अक्षर बरोबर आहे, तू चुकीचा आहेस," आजी म्हणाल्या. "भूक नसताना ताट रिकामं करायचं म्हणून जेवतात, तसं गायलास. भेंड्यांतलं गाणं असं निवडायचं, की अक्षर नसतं तरी ते गावंसं वाटलं असतं. बस खाली. भेंडी तुझ्यावर."

आजी, त्या दिवशी मी पुन्हा दार आपटलं होतं. दाराने पुन्हा ऐकलं नाही. पण तुमचं ते वाक्य मी तेव्हापासून वड्या तळतानाही घोकतो. अक्षर सगळ्यांना मिळतं. त्यावर कुठलं गाणं काढायचं, तिथेच माणूस कळतो. केकवाले होरिउचि काका बघा ना, कुठलंही अक्षर द्या, ते भांडून गेलेल्या बायकोचंच गाणं शोधून काढतात, आणि काकू घरी सुखरूप असतात! बरोबर ना काकू? काकू मान हलवतायत. आणि माझे बाबा! कुठलंही अक्षर असो, त्यांचं गाणं शेवटी जहाजावरच जातं. त्यांना बोट लागते, होडीत पाय ठेवला की उलटी होते, पण गाण्यात मात्र कायम वादळ अंगावर घेत उभे!

आणि नागिसा? नागिसा बाकी सगळ्यांना सोपी अक्षरं द्यायची. 'का', 'मि', 'हा', पेढे वाटावेत तशी. मी तिच्या पुढच्या जागेवर बसलो की रु. मी जागा बदलून पाहिली. ती पण बदलायची! मी बाबांना म्हटलं, "हिचं माझ्याशी काय वैर आहे?" बाबा म्हणाले, "गाढवा, वैर असतं तर तिने तुला सोपी अक्षरं दिली असती आणि विसरली असती." बाबा एरवी वडीच्या तेलाबद्दलच बोलतात. एवढं एकच वाक्य ते प्रेमावर बोलले असतील. मी दर रविवारी गाडीने येऊ लागलो. मग शनिवारी. मग सोमवारी जायचं राहून जाऊ लागलं. एक दिवस कॉलेजच राहून गेलं. बाबांनी मला एप्रन दिला, आणि माझ्या हातून जळालेल्या पहिल्या घाण्याच्या वड्या स्वतः खाल्ल्या. बाबा, ते तोंड करू नका, चांगलं बोलतोय तुमच्याबद्दल.

असो. आता मुद्द्यावर येतो. पेल्यांकडे बघू नका.

नागिसा उद्या जातेय. माइझुरुहून निघून ओतारुला जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीवर तिला निवेदिकेची नोकरी लागली आहे. 'प्रवाशांनो, उजवीकडे पाहा, समुद्र. डावीकडे पाहा, समुद्र.' आणि मंडळी, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? बोट निघते माइझुरुहून. पोचते ओतारुला. दोन्ही टोकांना रु! एवढा मोठा देश पडलाय, हजार बंदरं आहेत, आणि या बाईने माझ्यावर टाकायला असा मार्ग शोधून काढला! मी बातमी ऐकली तेव्हा रागावू की हसू हेच कळेना. शेवटी दोन्ही केलं आणि वड्यांचा एक घाणा पुन्हा जाळला.

आता आपली रीत नवीन मंडळींसाठी सांगतो. आपली साखळी एका रविवारी संपत नाही. शेवटचं अक्षर काउंटरजवळच्या फळ्यावर आठवडाभर राहतं आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. मंडळातला माणूस गाव सोडून जायला निघाला, की मात्र साखळी त्याने मिटवायची. त्याच्या निरोपाचं भाषण जो करतो त्याने त्याला अक्षर द्यायचं, आणि जाणाऱ्याने त्यावर न्-चं गाणं निवडायचं. फक्त त्यालाच ते पूर्ण गाता येतं. मग तो आपल्या हाताने सगळ्यांना शेवटची पेयं आणून देतो, आपण सगळे मिळून एकदाच टाळी वाजवतो, फळा पुसतो. पोस्टातले हामागुचि बदली होऊन गेले तेव्हा 'किताकाझे तो मिकान' गायले होते. उत्तरेचा वारा आणि आपली संत्री. गाताना रडले, ट्रे आणताना हसले, आणि सगळा ऊलाँग चहा आजींच्या मांडीवर सांडला. सुंदर निरोप होता. पण फळा पुसल्यावर त्यांच्या जागेवर कुणी बसेना, हेही मला आठवतं.

आज फळ्यावर 'कि' आहे. मित्सुओका साहेबांनी मला सकाळी बाजूला घेऊन सांगितलं, "तू 'किइरोइ एकि' गा. पिवळ्या स्टेशनाचं. म्हणजे तिला पुन्हा कि मिळेल, आणि ती 'किताकाझे तो मिकान' गाईल. सगळं ठरलंय. आगाऊपणा करू नकोस." मी "हो" म्हटलं. साहेब, मी "हो" कसं म्हटलं ते आठवा. वाकून म्हटलं. वाकून म्हटलेलं मी सहसा पाळत नाही.

कारण काल दुपारी ती आमच्या दुकानात आली होती. प्रवासाला वड्या घ्यायला. बाबा नेमके आत गेले. नेहमी जात नाहीत, काल गेले.

मी म्हटलं, "गरम देऊ की गार झालेल्या?"

"गार. वाटेत वास सुटेल, शेजारचे मागतील."

"बोटीवर मासे मिळतात."

"बोटीवर तुमचे जळके मिळत नाहीत."

मी कागदात गुंडाळत होतो. ती म्हणाली, "उद्या मला काय देणार आहेस?"

"ते आधी सांगायचं नसतं."

"रु देणार असशील. सूड म्हणून."

खरं सांगतो, मनात तेच होतं. रु दिला की न्-वर जाणारं गाणं तिला सापडणार नाही, साखळी मिटणार नाही, आणि मग ती जाईल तरी कशी? असा माझा तापलेल्या तव्याचा हिशोब. मी म्हटलं, "दिला तर काय करशील?"

"गाईन. माझ्याकडे रु-चं एक गाणं आहे, न्-वर संपणारं. असल्या दिवसासाठी ठेवलंय." आणि मग ती काउंटरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाली, "पण मला कुठलंच न्-चं गाणं गायचं नाहीये, तात्सुकि. मला फळा पुसायचा नाहीये. रीत आहे म्हणून गाईन."

"मग गाऊ नकोस!"

"ओरडू नकोस. आजींची रीत आहे, मी मोडणार नाही."

मी विचारलं. इतके रविवार तोंडात घोळवलेलं एकदाचं विचारलं. "तू मलाच रु का द्यायचीस?"

ती म्हणाली, "कारण तू चिडून बाहेर जायचास आणि परत यायचास. मला बघायचं होतं, किती वेळा येतोस."

"मग?"

"मोजायचं सोडून दिलं."

आणि वड्या घेऊन गेली. बाबा आतून म्हणाले, "पैसे घेतलेस का?" घेतले नव्हते. बाबा म्हणाले, "बरं केलंस."

मंडळी, तिकडे कुणीतरी "पुढे काय, पुढे काय" म्हणतंय. पुढे आज. मी रात्रभर आजींचे नियम तोंडपाठ म्हणत बसलो. रीत मोडायची नाही. नागिसाने फळा पुसायचा नाही. दोन्ही कसं जमावं? आणि मग मला बाबांची जुनी फजिती आठवली. मी यायच्या आधीची, पण बाजारात अजून सांगतात ती. नव्या साखळीच्या पहिल्याच दिवशी बाबांनी चुकून न्-चं गाणं निवडलं होतं, तेव्हा आजींनी त्यांना दुसरं निवडायला लावलं. "चूल पेटवली त्याच दिवशी विझवायची नसते," असं म्हणाल्या होत्या. आजी, म्हणाला होतात ना? सगळ्यांसमोर हो म्हणा. म्हणाल्या! ऐकलंत सगळ्यांनी.

तर आता मी रिमोट उचलतो. मित्सुओका साहेब, बसा. कृपया बसून घ्या. मला कि मिळालाय, मी कि-चंच गाणं निवडतोय. हे बघा, पडद्यावर नाव आलं.

'किताकाझे तो मिकान'.

शांत व्हा! हो, न्-वर संपतं. हो, मला ठाऊक आहे. बाबा, मी वेडा झालेलो नाही, म्हणजे आज नव्याने झालेलो नाही. भेंडी माझ्यावर. साखळी मी मारली. माझ्या हाताने, सगळ्यांदेखत, दोषी मी. आता नियम सांगतो, भेंडी चढली की पुढच्याने नवी साखळी सुरू करायची. पुढची कोण? नागिसा. आणि नव्या साखळीच्या पहिल्या दिवशी न् चालत नाही. म्हणजे आज तिला साखळी मिटवता येत नाही. तिने गाणं म्हणायचं, फळ्यावर एक अक्षर लिहायचं आणि तसंच ठेवून बोटीवर जायचं. आजी, यात कुठे रीत मोडली असेल तर सांगा, मी आत्ता माफी मागतो.

आजी हसतायत. आजींचं हसणं म्हणजे निकाल.

नागिसा, तू डोळे पुसू नकोस, काजळ पसरेल, मग फोटोत माझ्यावर आळ येईल. मला तुला जे सांगायचं होतं ते मी सगळ्या बाजारासमोर सांगून टाकलेलंच आहे, फक्त ते तीन शब्द राहिलेत. ते मी माइकवर म्हणणार नाही. हा घुमारा ते दोनदा म्हणेल आणि माझ्या वाटणीचं काही उरणार नाही. तू रिमोट घे. जे गावंसं वाटतं ते निवड. अक्षराचा विचार करू नकोस.

घेतला तिने रिमोट. बघा, नाव शोधतेय. मी... थांबा. आलं पडद्यावर.

'मिनातो दे कोरोगेरु'.

अगं बाई! मंडळी, हा अन्याय आहे! निरोपाच्या दिवशी, उत्सवमूर्तीने, भर सभेत! रु! माझ्यावर रु! यापेक्षा सुंदर अन्याय माझ्यावर कुणी... बाबा, मी रडत नाहीये, मेलन सोडा डोळ्यात गेलाय. हो, अजून प्यायलो नाही. तरी गेला.

एकच विनंती, नागिसा. अक्षर टाकणाऱ्याने मोजायचं असतं. तू गाणं म्हण, पण आज मोजू नकोस. बोटीला सुट्टी लागेल तेव्हा ये, या सोफ्यावर बस, आणि मग सुरू कर, दहापासून. मी गाणं शोधून ठेवतो. सोनमासा नाही. चांगलं. अक्षर नसतं तरी गायलं असतं असं. तोवर मंडळी, तुम्ही दर रविवारी दुसरी साखळी चालवा, दुसरा फळा आणा, मी वड्यांच्या पैशातून आणतो. पण काउंटरजवळचा तो रु कुणी पुसायचा नाही. तो माझा आहे.

मी फार बोललो. बोलण्याच्या भरात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर हा मुलगा तापट पण मनाचा साफ आहे एवढं समजून पदरात घ्या. साहेब, आपण ठरवलेलं मी ऐकलं नाही. आपण मला हाकलत नाही यातच मला आपलं मोठेपण दिसतं. आजी, तुम्ही खेळ दिलात. होरिउचि काका, काकूंना घेऊन येता, त्याबद्दल आभार. बाबा, तुमचं मी काय म्हणू? एप्रन धुऊन ठेवलाय. आणि तुम्ही सगळ्यांनी बिअरचा फेस बसू देऊन माझं ऐकलंत, हे मी विसरणार नाही.

भेंडी माझ्यावर आहे, ट्रे मी उचलतो. काउंटरवर आज कुणी नाही, काउंटरवालीच उत्सवमूर्ती झालीय. नवी, फेसाळ बिअर सगळ्यांना. आजींना गरम ऊलाँग, यावेळी मांडीवर नाही. बाबांना साधं पाणी. नागिसाला मेलन सोडा.

गाणं सुरू व्हायच्या आधी दार लागलं पाहिजे, हा इथला नियम. आपटलं तर तो दांडा अडून फार वेळ घेईल, नागिसाला थांबावं लागेल. म्हणून आज मी दार आपटत नाही. हा बाहेर पडलो. मूठ धरलीय. हलक्या हाताने, आपणहून, लावून घेतो.